प्रिंटर कुठं राहतो?

भोपाळमध्ये नव्यानं आलेल्या माणसाची पत्ते ऐकताना पंचाईत होते. ११०० क्वार्टर, १२५०, ७४ बंगले, ४५ बंगले, ५ नंबर, ६ नंबर, १० नंबर. सांगणारा आकडा सांगून थांबतो आणि रिक्षावाला मान डोलावून निघतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरलं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा अशा चारी दिशांनी सरकारी माणसं इथं येऊन पडली. त्यांच्यासाठी मोजून घरं बांधली आणि तो हिशेबच वस्तीचं नाव झाला. सरकारी जयप्रकाश रुग्णालयाला आजही लोक ‘बारह सौ पचास’ म्हणतात.

माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राज्य बदललं तसं त्यांचं टेबल भोपाळला आलं आणि टेबलामागोमाग घर. आजी म्हणायची, ‘‘अकराशे घरांत राहून राहिलो बाप्पा, अन् मराठी बोलायला दोनच!’’ आज या वस्त्यांत जाऊन कुणी मोजदाद केली तर आकडा जुळायचा नाही. काही घरं पडली, काही ठिकाणी दुसरंच काही उभं राहिलं. आकडा मात्र जागचा हलला नाही, आणि पत्र, पाहुणा, गॅसचा सिलिंडर सगळे त्या आकड्याच्या भरवशावर अजून बरोबर पोचतात. का पोचतात? कारण वस्तीत विचारायला माणूस असतो.

मी पोट भरतो तेही आकडी पत्ते शोधून. फक्त माझ्या आकड्यांच्या मध्ये टिंबं असतात. एमपी नगरातल्या एका दुकानातून आम्ही कार्यालयांची एएमसी घेतो. वर्षाचे ठरावीक पैसे, त्यात संगणक, प्रिंटर, नेटवर्क सगळं सांभाळायचं. गेली वीसेक वर्षं हेच चाललंय. लोकांना वाटतं, संगणक दुरुस्त करणारा माणूस संगणकापुढं बसलेला असतो. माझा बराचसा काळ प्रिंटर शोधण्यात गेला. प्रिंटर डोळ्यांपुढं असतो, टेबलावर असतो, त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला असतो. तरीही तो सापडत नसतो.

फोन साधारण असा येतो : ‘‘को खां, प्रिंटर ऑफलाइन बता रिया है. कल तक तो चल रिया था.’’ या दोन वाक्यांत निम्मं निदान असतं. काल चालत होता म्हणजे यंत्र ठीक असण्याची शक्यता जास्त. ऑफलाइन दिसतोय म्हणजे संगणक त्याला कुठल्या तरी आकड्यावर हाक मारतोय आणि तिथून ओ येत नाही.

प्रिंटरच्याच बाबतीत हे का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. छोट्या कार्यालयात तो राऊटर देतो, तोही ठरावीक मुदतीचा. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. १९९३ पासून ती प्रमाण म्हणून चालत आलीय. संगणकाचा पत्ता काल एक आणि आज दुसरा असला तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण संगणक स्वतः बाहेर जाऊन मागतो, त्याला शोधत कुणी येत नाही. प्रिंटरचं उलट. तो कुणाकडं जात नाही. सगळे त्याच्याकडं येतात. दहा संगणकांनी त्याचा आकडा लिहून ठेवलेला असतो. त्याचा आकडा हलला की दहाही जण एकदम आंधळे होतात. शिवाय संगणकाला मालक असतो, प्रिंटर सगळ्यांचा असतो. जे सगळ्यांचं, त्याची नोंद ठेवणं कुणाचंच काम नसतं.

हे सगळं ऐकायला किरकोळ वाटेल. पण मध्य प्रदेशानं २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. तेव्हापासून उत्पन्नाचा दाखला, मूल निवासी प्रमाणपत्र वगैरे ठरलेल्या मुदतीत हातात पडणं हा माणसाचा हक्क झाला. हातात पडणं म्हणजे शेवटी कुठल्या तरी प्रिंटरमधून बाहेर पडणं. खिडकीसमोर मुलाच्या प्रवेशाचे कागद घेऊन एखादी बाई उभी असते, आत अर्ज मंजूर झालेला असतो, सही झालेली असते, आणि प्रिंटर १९२.१६८.१ नं सुरू होणाऱ्या अडीचशे आकड्यांपैकी कुठल्या आकड्यावर बसलाय हे खोलीत कुणालाच माहीत नसतं. तिला त्यातलं काही सांगता येत नाही. ‘सर्व्हर डाउन है’ एवढंच सांगितलं जातं. ते बहुधा खरं नसतं.

शोधायचे रस्ते पाच-सहा आहेत. नवीन मुलं उलट्या टोकानं सुरुवात करतात : लॅपटॉप उघडतात आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लागतात. मी आधी प्रिंटरपाशी जाऊन उभा राहतो. आपला पत्ता प्रिंटरला स्वतःला माहीत असतो, आणि तो कागदावर लिहून द्यायलाही तयार असतो. पडदा असलेल्या यंत्रात मेनूमध्ये रिपोर्ट, त्यात नेटवर्क कॉन्फिगरेशन. पडदा नसलेल्या कित्येक लहान लेझर प्रिंटरांत एकच बटण काही सेकंद दाबून धरलं की पान बाहेर येतं. हे पान नेटवर्क मेलेलं असतानाही निघतं, म्हणून ते एका दगडात दोन पक्षी मारतं. पान नीट निघालं तर टोनर, ड्रम, रोलर सगळं शाबूत. बिघाड रस्त्यात आहे.

मग ते पान वाचायचं. आयपी पत्त्याच्या जागी सगळी शून्यं असतील तर केबल बघा. १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा असेल तर प्रिंटरनं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला. भोपाळच्या पावसाळ्यात हे फार. वीज जाते, येते. प्रिंटर राऊटरच्या आधी जागा होतो, हाका मारतो, उत्तर मिळत नाही, आणि १६९ घेऊन बसतो. त्याला बंद करून पुन्हा चालू केलं की काम होतं, आणि इंजिनिअरनं काहीच केलं नाही असं कार्यालयाला वाटतं.

एका जुन्या दफ्तरखान्यातल्या लेझर प्रिंटरनं दिलेल्या पानावर १९२.०.०.१९२ असं होतं. तिथला ऑपरेटर म्हणाला, छापताना चुकलंय, १९२.१६८ असणार. चुकलं नव्हतं. ‘जेटडायरेक्ट’ नावाची नेटवर्क कार्डं १९९१ पासून प्रिंटरांत येऊ लागली. त्यांतल्या जुन्या कार्डांना पत्ता देणारं कुणी भेटलं नाही तर ती हाच आकडा धरून बसत. म्हणजे त्या प्रिंटरचं अलीकडं कुणाशीच बोलणं झालेलं नव्हतं. त्याच्या मागची केबल भिंतीतल्या खोक्यापर्यंत जात होती आणि भिंतीच्या पलीकडं, जिथं रॅक होता तिथं, आता कपाट होतं. रॅक कधीच दुसऱ्या मजल्यावर गेला होता.

दुसरा रस्ता माणसांतून जातो. प्रत्येक कार्यालयात एक तरी संगणक असा असतो, की सगळ्यांचं बंद पडलं तरी त्याच्यावरून छापून निघतं. कुठला ते विचारायचं आणि त्याच्यापुढं बसायचं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स नावाचा टॅब असतो, त्यात खूण केलेल्या ओळीत पत्ता दिसतो. इथं एक मेख आहे. त्या ओळीत ‘आयपी १९२.१६८.१.५०’ असं लिहिलेलं असतं ते पोर्टचं नाव. पोर्ट पहिल्यांदा तयार केला तेव्हाच्या आकड्यावरून पडलेलं. नंतर कुणी आत जाऊन आकडा बदलून ६० केला तरी नाव ५० च राहतं. घरं पाडली तरी ११०० क्वार्टर ११०० च राहतात, तसं. म्हणून नाव वाचून उठायचं नाही, ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबून आत काय लिहिलंय ते बघायचं. कधी कधी तिथं आकडाच नसतो. डब्ल्यूएसडी अशी तीन अक्षरं आणि पुढं एक लांबलचक सांकेतिक ओळ असते. याचा अर्थ संगणकानं प्रिंटर आपणहून शोधून घेतला. चालतं तोवर फार सोयीचं, बंद पडलं की हातात धरायला काही नाही.

आणखी एक फसवणूक याच खिडकीत होते. संगणक प्रिंटरला अधूनमधून ‘कसा आहेस’ विचारत असतो, एसएनएमपी नावाच्या भाषेत. प्रिंटरला ती भाषा बंद करून ठेवलेली असली की उत्तर येत नाही, आणि संगणक त्याला ऑफलाइन ठरवतो. पत्ता बरोबर, केबल बरोबर, प्रिंटर ठणठणीत, फक्त ख्यालीखुशालीचं उत्तर नाही. पोर्टच्या त्याच खिडकीतली एक खूण काढली की छपाई सुरू. कुणी तरी हे निस्तरण्यासाठी नवा प्रिंटर मागवण्याची नोटशीटही चालवलेली मी पाहिली आहे.

तिसरा रस्ता राऊटरकडं जातो. कुणाला कुठला आकडा दिला याची यादी त्याच्याकडं असते. राऊटरचा पासवर्ड कुणाकडं असतो? ‘जो लड़का लगा के गया था, उसके पास.’ तो मुलगा आता पुण्यात किंवा बंगळुरात असतो. पासवर्ड मिळालाच तर यादीत नावं येतात आणि ती नावं ओळखता आली पाहिजेत. एनपीआय आणि पुढं सहा अक्षरं-अंक असले तर तो एचपीचा. बीआरएन असेल तर केबलनं जोडलेला ब्रदर, बीआरडब्ल्यू असेल तर वायफायवरचा. शेवटची अक्षरं त्या यंत्राच्या मॅक पत्त्यातली असतात आणि मॅक पत्ता बहुधा प्रिंटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. आयपी बदलतो, हा बदलत नाही, कारखान्यातून येतो. त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून कंपनी कळते. हल्ली फोन दर नेटवर्कवर बनावट मॅक पत्ता घेऊन फिरतात, त्यामुळं याद्यांत अनोळखी गर्दी वाढली आहे. प्रिंटर अजून तरी खरं नाव सांगतात.

चौथा रस्ता म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारणं. एक ते दोनशे चौपन्न प्रत्येक आकड्याला पिंग पाठवायचा आणि मग ‘एआरपी’ची यादी काढायची, कोण कोण जवळपास आहे ते कळतं. ही एआरपी पद्धत १९८२ ची आहे. ‘हा आकडा कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारायचं आणि ज्याचा असेल त्यानं आपला मॅक पत्ता सांगायचा, एवढीच तिची युक्ती. आज जगातलं जवळपास प्रत्येक कार्यालय तिच्यावर चालतं. तिची मर्यादाही तितकीच साधी : ही हाक राऊटरच्या पलीकडं जात नाही. खालच्या मजल्याचं नेटवर्क वेगळं असेल तर तिथला प्रिंटर वरून कधीच दिसणार नाही, तुम्ही दिवसभर हाका मारल्या तरी.

हाकेला उत्तर देणाऱ्यांत प्रिंटर कोण, हे दारावरून कळतं. बहुतेक नेटवर्क प्रिंटरांचं ९१०० क्रमांकाचं दार उघडं असतं. पण त्या दाराशी जपून. तिथून आत आलेलं काहीही प्रिंटर छापतो, विचारत नाही. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलानं स्कॅनरला सगळी दारं खोलात तपासायला सांगितलं. स्कॅनरनं चौकशी म्हणून जी अक्षरं पाठवली ती प्रिंटरनं मजकूर समजून छापायला घेतली. अगम्य खुणांची पानं ट्रेमध्ये साठली आणि बड़े बाबूंना वाटलं, कार्यालयावर हल्ला झाला. त्यांची शंका अगदीच वेडगळ नव्हती. २०१८ च्या अखेरीस एका माणसानं इंटरनेटवर उघडे पडलेले प्रिंटर याच दारातून गाठून त्यांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली होती. आकडा पन्नास हजार, असा त्याचा स्वतःचा दावा. १९२.१६८ चे पत्ते फक्त घरातल्या घरात चालावेत असं १९९६ च्या प्रमाणात ठरलं आहे, म्हणूनच हाच आकडा एकाच वेळी भोपाळच्या हजारो कार्यालयांत सुखानं नांदतो. त्याला परस्पर बाहेरचं दार काढून दिलं की मग घात.

कुठंच काही सापडलं नाही की उरते ती केबल. हातानं धरून तिच्या मागं जायचं. फॉल्स सीलिंगची फळी बाजूला करायची, अंगावर धूळ आणि कबुतरांची घाण घ्यायची, टेस्टर लावून दुसरं टोक शोधायचं. एमपी नगरच्या झोन २ मधल्या एका इमारतीत असंच केबलमागं गेलो होतो. तक्रार अशी : पगाराचे कागद छापायला दिले की संगणक ‘झालं’ म्हणतो आणि कागद कुठंच निघत नाही. म्हणजे पत्ता चुकीचा नव्हता, कुणी तरी तो प्रामाणिकपणे ऐकत होतं. केबल भिंतीतून निघून जिन्यावरच्या एका स्विचमध्ये गेली. त्याच स्विचमधून शेजारच्या कोचिंग क्लासला जोडणी होती. पूर्वी दोन्ही जागा एकाच भाडेकरूकडं होत्या. क्लासवाल्यानं त्याच बनावटीचा प्रिंटर घेतला, त्याला नेमका तो आकडा मिळाला, आणि अकाउंट्सची पगारपत्रकं प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात जाऊन पडू लागली. क्लासच्या व्यवस्थापकानं सगळे कागद नीट फायलीत लावून ठेवले होते. ‘‘किसके हैं पता नहीं था, पर काम के लग रहे थे,’’ म्हणाला. त्याला तिथल्या प्रत्येकाचा पगार माहीत झाला होता.

दोघांना एकच पत्ता मिळाला की आणखी मजा होते. एका कार्यालयात प्रिंटर सकाळी चालायचा, अकराच्या पुढं बंद, आणि साहेब दौऱ्यावर असले की दिवसभर चालायचा. भृत्य आपल्या परीनं म्हणायचा, ‘‘साहब से डरता है.’’ त्याचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. प्रिंटरला हातानं ठरावीक पत्ता घातलेला होता, पण राऊटरला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. तो आकडा त्याच्या हिशेबी मोकळा. साहेब आले की त्यांच्या फोनला तोच मिळायचा. मी लॅपटॉप उघडायच्या आधीच भृत्यानं अर्धं काम करून ठेवलं होतं. कोण आलं की काय बिघडतं हे रोज बघणारा तोच एक होता.

आणि कधी कधी प्रिंटरला पत्ताच नसतो. आपल्याकडच्या कार्यालयांत, झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० घरोघरी असल्यासारखा आहे. स्वस्त, टणक, वर्षानुवर्षं चालणारा. त्याला नेटवर्कचं भोकच नाही; फक्त यूएसबी. तो एका संगणकाला जोडतात आणि त्या संगणकातून बाकीच्यांना वाटून देतात. ‘इसका आयपी बताओ’ म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की याला आयपी नाही. याला शोधायचं तर तो ज्याच्या आश्रयाला आहे त्या संगणकाला शोधा. तो संगणक ज्या मॅडमचा आहे त्या रजेवर असतील तर प्रिंटरही रजेवर. २०२१ च्या पावसाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं सुरक्षेतलं भगदाड जगभर गाजलं. ते बुजवणाऱ्या सप्टेंबरच्या अपडेटनंतर असे वाटून दिलेले प्रिंटर ठिकठिकाणी बंद पडले. ‘११बी’नं संपणारा एक एरर सगळीकडं दिसू लागला. त्या दिवसांत आमच्या दुकानातला फोन ठेवायला सवड नव्हती. पत्ता बरोबर होता, रस्ता बरोबर होता, पण दारावरच्या पहारेकऱ्याला ओळख पटत नव्हती.

या धंद्यात असताना कुठं तरी वाचलं की कार्यालयातलं नेटवर्क ही चीजच मुळात प्रिंटरपायी जन्माला आली, तेव्हा हसू आलं. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला. तो सेकंदाला एक पान काढायचा, आणि तिथले ‘आल्टो’ संगणक त्याला जोडायचे कसे हा प्रश्न होता. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ ला एक टिपण लिहिलं आणि त्यातून इथरनेट आलं. तीच इथरनेटची केबल हातात धरून मी एमपी नगरात जिना चढतो. सगळ्यांना एका प्रिंटरपर्यंत पोचता यावं म्हणून जी वाट बांधली, त्या वाटेवर पन्नास वर्षांनी सगळं सापडतं : फोन, टीव्ही, कॅमेरे, हजेरीचं यंत्र. प्रिंटरच तेवढा शोधावा लागतो.

पण शोधणं हे कौशल्य आहे असं मानायला मी आता तयार नाही. वर सांगितलेले रस्ते हुशार मुलाला आठवडाभरात येतात. अवघड आहे ते एकदा सापडलेला पत्ता हरवू न देणं, आणि त्यात तंत्र फार थोडं आहे. राऊटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढं एक आकडा राखून ठेवायचा, म्हणजे वीज गेली-आली तरी तोच मिळतो. तो आकडा कागदावर लिहून प्रिंटरच्या अंगावर चिकटवायचा. कार्यालयाच्या एका वहीत लिहायचा : कुठल्या खोलीत, कुठला प्रिंटर, कुठला पत्ता, राऊटर कुठं आहे, पासवर्ड कुणाच्या कपाटात आहे. हे अर्ध्या तासाचं काम आहे. वीस वर्षांत पाहिलेल्या कार्यालयांपैकी फार थोड्या ठिकाणी ते आधी कुणी केलेलं आढळलं.

का करत नाहीत? आळस हे सोपं उत्तर झालं. खरं म्हणजे न लिहिलेला पत्ता ही काही जणांची मिळकत असते. दर फेरीचे पैसे घेणाऱ्याला पत्ता लिहून ठेवणं परवडत नाही. तो आकडा त्याच्या डोक्यात असेपर्यंत त्याला बोलवावं लागतं. कार्यालयातल्या एखाद्या ऑपरेटरलाही ते आवडतं. त्याच्याशिवाय छापून निघत नाही, म्हणजे त्याच्याशिवाय चालत नाही. त्याला मी दोष देत नाही. कंत्राटावरच्या माणसाकडं स्वतःचं म्हणून दुसरं काय असतं? पण त्याचं कंत्राट संपतं त्या दिवशी पत्ताही त्याच्यासोबत जातो, आणि खिडकीसमोरच्या बाईला पुन्हा ‘सर्व्हर डाउन’ ऐकावं लागतं.

माझ्या उस्तादांनी, जुन्या भोपाळातल्या एका गल्लीत डॉट मॅट्रिक्सचे हेड दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली, मला एक सांगितलं होतं : ‘‘मियां, मशीन ऐसी बना के आओ कि तुम्हें भूल जाएं.’’ तेव्हा ते मला धंदा बुडवायचा मंत्र वाटला. एएमसीत मात्र तो उलटा कामाला येतो. पैसे वर्षाचे ठरलेले, मग फेऱ्या जितक्या कमी तितकं आमच्या दुकानाचं पेट्रोल वाचतं. म्हणून आता नवं कार्यालय घेतलं की पहिला आठवडा आम्ही कॉलची वाट बघत नाही. खोलीखोलीतून फिरून पानं छापून घेतो, पत्ते राखून ठेवतो, चिकटपट्ट्या लावतो, वही भरतो आणि ती वही तिथंच ठेवून येतो. बरोबर नेत नाही. शिकाऊ मुलांना हे पटायला वेळ लागतो. वहीचा फोटो तरी काढून ठेवू का, असं विचारतात. काढा म्हणतो, पण वही त्यांची.

याची किंमत मार्चमध्ये मोजावी लागते, कंत्राट नव्यानं करायच्या वेळी. गेल्या खेपेला एका कार्यालयाचे बड़े बाबू फाइल पुढं घेऊन म्हणाले, ‘‘आप तो साल भर आए ही नहीं. पैसे किस बात के?’’ मी त्यांच्याच कपाटातली वही मागवली आणि आधीच्या वर्षीच्या कॉलची यादी तिच्याशेजारी ठेवली. प्रिंटर ऑफलाइन, प्रिंटर ऑफलाइन, प्रिंटर मिळत नाही, पानभर तेच. नंतर एकही नाही. त्यांनी दोन्हीकडं आळीपाळीनं पाहिलं, वहीतला आकडा आणि टेबलाशेजारच्या प्रिंटरवरची चिकटपट्टी उठून स्वतः ताडून बघितली, पाच टक्के कमी करा म्हणाले, आणि नोटशीट पुढं सरकवली.